स्पर्धा का बंद पडली, ते दोन ओळींत

माय, क्लबवाल्यांनी मला स्पर्धेचा इतिहास लिहून मागितला आहे. खाणीच्या कॉलनीतला तोच क्लब, जिथल्या स्वयंपाकघरात तू साहेबांसाठी अंडी उकडायचीस. नवा सेक्रेटरी फोनवर इतका गोड बोलला की मला लगेच शंका आली. म्हणाला, क्लबची स्मरणिका निघतेय, जुन्या गोल्फ स्पर्धेवर एक पान हवं, तुमच्याशिवाय कोण लिहिणार. मी विचारलं, आणखी कोणाकोणाला विचारलंत? तो हसला. आता यात हसण्यासारखं काय होतं? मग म्हणाला, फोटो आमच्याकडे आहेत, कोण आलं, कोण जिंकलं, तेही आहे. तुम्ही आठवणी लिहा, आणि शेवटी स्पर्धा का बंद पडली ते दोन ओळींत. तिथं माझे कान टवकारले. बाकी सगळ्याला पानभर जागा आणि नेमक्या याच गोष्टीला दोन ओळी? मला वाटतं, त्यांना ते माझ्या हातून हवंय. त्या बाईच्या पोरानंच लिहून दिलं म्हटलं की पुढं कोणी काही विचारायचं नाही. तू म्हणायचीस, या पोट्ट्याले देवानं प्रसाद देला तरी आधी वास घेऊन पायते. घेतो. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्याचा घेतो, आणि बायको त्याला कंटाळली आहे. नागपुरात साहेबांच्या पोरांना गोल्फ शिकवून माझं बरं चाललंय, पण पोरगं नीट फटका मारायला लागलं की मला वाटतं, हा दुसरीकडेही शिकवणी लावून राह्यला असेल.

तुला गोल्फ कधी कळला नाही, आणि तो समजून घ्यायची तुला गरजही वाटली नाही. काठीनं चेंडू दूर मारायचा अन् मग त्याच्याच मागं चालत जायचं, तं मग मारायचाच कायले, असं तू एकदा बाबाला विचारलं होतंस. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरखाली आयुष्य काढलेला माणूस, तो म्हणाला, साहेबालेच इचार. पण कोर्स आपल्या जमिनीवर होता एवढं तुला पक्कं माहीत होतं. खाणीनं गावाची शेतं घेतली, त्यातली काही खोदली, काही नुसतीच पडून राहिली, आणि त्या पडीत जमिनीवर एका हौशी साहेबानं गोल्फचा कोर्स काढला. आपल्याकडे हिरवळ टिकत नाही. म्हणून जिथं चेंडू शेवटी भोकात घालायचा तिथं गवताऐवजी वाळू अंथरायची आणि ती उडू नये म्हणून तिच्यात वर्कशॉपमधलं जळकं ऑइल कालवायचं. त्या काळ्यातपकिरी चकतीला ब्राऊन म्हणत. ते ऑइल बाबाच ड्रम भरून पोचवायचा. शेतं गेली तरी धुऱ्यांवरचे, म्हणजे बांधांवरचे, मोह तसेच उभे होते. शेवटच्या होलपाशी, ब्राऊनच्या अगदी डोक्यावर जो मोठा मोह होता, तो आपला. तुझ्या सासूनं तुझ्या हाती दिलेला.

आपला म्हणजे कसा, हे मी साहेबांच्या पोरांना कधी समजावून सांगू शकलो नाही. कागदावर झाड खाणीचं. पण फुलं पडायच्या आधी ज्या घरानं झाडाखालचा पाला झाडून, जाळून जागा लख्ख केली, त्या घराचं ते झाड. मग पहाटे तिथं दुसरी बाई फुलं वेचायला टोपली घेऊन बसणार नाही. आणि जागा साफ केली नाही, तर त्या घरानं झाड सोडलं असं सगळे धरतात. भांडण नाही, पंचायत नाही. पुढच्या वर्षी दुसरीच कोणी खराटा घेऊन येते. तू फाल्गुनात हे काम करायचीस तेव्हा मी लहानपणी लांब उभा राहून बघायचो. आधी भोवती झाडून रिंगण काढायचं, मग वाऱ्याकडे तोंड करून थांबायचं, मग काडी लावायची, आणि हातात पळसाची ओली फांदी धरून उभं राहायचं. आगीनं रिंगणाबाहेर पाय टाकला की झोडपायचं. तुझ्या हातून कधी आग सुटली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

स्पर्धा मार्चमध्ये ठेवली, ही त्यांची चूक. साहेबांच्या हिशेबात मार्चअखेर म्हणजे उरलेला पैसा संपवायचे दिवस. आपल्या हिशेबात मोहफुलं पडायचे. हे दोन हिशेब एकमेकांच्या अंगावर येतील असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ज्यांनी तारीख काढली ते फुलं पडायच्या वेळी झोपेत असत. पैशासाठी खेळणारे मोठे खेळाडू, ज्यांना आम्ही प्रो म्हणायचो, त्यांच्या फिरत्या स्पर्धांची एक नवी साखळी तेव्हा सुरू झाली होती. जिथं कारखाना, जिथं खाण, तिथं एक स्पर्धा. आपल्याकडे ती तीन वर्षं भरली. पहिल्या वर्षी कोलकात्याहून, दिल्लीहून, कुठून कुठून माणसं बल्लारपूरला गाडीतून उतरली, जीपमध्ये बसून कॉलनीत आली, आणि ब्राऊन पाहून त्यांचे चेहरे असे झाले की जणू कोणी त्यांच्या ताटात कोळसा वाढला. मी तेव्हा कॅडी होतो, त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाचा चेंडू मोहफुलांत जाऊन पडला. जमिनीवर सगळीकडे फिकट पिवळी फुलं, त्यात पांढरा चेंडू. आम्ही सगळे कॅडी रांगत शोधतोय, प्रो घड्याळ बघतोय, आणि चेंडू दुपारी सापडला तो गावात, एका म्हातारीनं अंगणात टोपली उपडी केली तेव्हा. मग क्लबनं फळ्यावर खास नियम लिहिला की मोहफुलांत चेंडू हरवला तर दंड नाही. एका सकाळी ब्राऊनवर अस्वलाचे पंजे उमटलेले होते. ते पुसायचे की नियमाप्रमाणे तसेच ठेवायचे यावर साहेबांची चर्चा चालली होती, आणि कॅडींची चर्चा अस्वल अजून जवळपास आहे का यावर.

दुसऱ्या वर्षी क्लब शहाणा झाला, म्हणजे आपल्यासाठी वाईट झाला. काटेरी तार आली. बायांना आत यायला बंदी, पाला जाळायला तर पूर्ण बंदी, कारण वाळलेलं गवत आणि जळक्या ऑइलचे ड्रम. क्लबचे माळी सकाळी फुलं झाडून नाल्यात टाकायचे. तू स्वयंपाकघराच्या दारातून ते बघायचीस आणि एक अक्षर बोलायची नाहीस. तुझं हे न बोलणं मला कधी आवडलं नाही. जो बोलत नाही त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, असं माझं तेव्हापासूनचं मत. त्या वर्षी मी कॅडींच्या स्पर्धेत जिंकून स्थानिक खेळाडू म्हणून प्रोंबरोबर उतरलो आणि सपाटून मार खाल्ला. तू म्हणालीस, बरं झालं. मी विचारलं, काय बरं झालं? तर म्हणालीस, गावोगाव काठी घेऊन फिरनारा कधी घरी येते का. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

तिसऱ्या वर्षी मी चांगला खेळलो. चांगला म्हणजे, मलाच विश्वास बसत नव्हता इतका. स्पर्धा चार दिवसांची, आणि तीन दिवस संपल्यावर फळ्यावर माझं नाव अशा जागी होतं की शेवटच्या दिवशी फार माती खाल्ली नाही तर साखळीतल्या पुढच्या सगळ्या स्पर्धांना मला प्रवेश मिळणार होता. म्हणजे कॅडीचा प्रो झालो असतो. त्या संध्याकाळी शेवटच्या होलपाशी, आपल्या मोहाला लागूनच घातलेल्या मंडपात खेळाडूंचं जेवण होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जुन्या सेक्रेटरीनं माझा कोपर धरला, बाजूला घेतलं आणि म्हणाला, तुझं ताट आत आहे, आई वाढेल. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला ती सोय वाटत होती. दोन-तीन प्रो बघत होते. मी क्लबच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात आलो. तू होतीस, आणि त्या दिवसांपुरती मदतीला बोलावलेली तुझी बहीण, मावशी होती. मी म्हणालो, "या मंडपालेच आग लावतो मी." तू पोळी तव्यावरून उतरवलीस आणि म्हणालीस, "आधी जेव." मी जेवलो नाही. उठून घरी आलो.

पहाटे तुझ्याही आधी मला जाग आली. काठी घेतली आणि कॉलनीच्या मागं फुटबॉलच्या मैदानावर गेलो. तिथं मी पोत्यानं माती ओढून स्वतःचं एक खोटं ब्राऊन केलं होतं. तिथं एकटाच चेंडू घालत बसलो. उजाडताना क्लबच्या बाजूनं काळा धूर दिसला. मला वाटलं वर्कशॉप. मग दिशा लक्षात आली आणि मी पळत सुटलो. पोचलो तोवर मंडपाचे नुसते बांबू उरले होते, ब्राऊनची वाळू धुमसत होती, ऑइलचा एक ड्रम फुटून पेटलेला होता आणि माळी त्यावर माती टाकत होते. कोणाला काही झालं नाही, तेवढंच नशीब. आणि तू तिथं उभी होतीस. हातात पळसाची अर्धी जळलेली फांदी, पदर करपलेला, तोंड काळं. सेक्रेटरी हिंदीत ओरडत होता की कोणी लावली, कोणी लावली. मी गर्दीतून पुढं आलो. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालीस, "म्या लावली, साहेब. मोहाखालचा पाला जाळत होती. वारा सुटला."

कोणालाही नवल वाटलं नाही. बायांना पाला जाळायचीच सवय, त्यात काय चौकशी करायची? दुपारपर्यंत प्रो जीपमध्ये बसून गेले. शेवटचा दिवस रद्द झाला, कोणाला प्रवेश नाही, कोणाला बक्षीस नाही, आणि साखळीवाले पुन्हा आपल्याकडे फिरकले नाहीत. तुझं काम गेलं. पावसाळ्याआधी कोर्सवरचे सगळे मोह तोडले, आपला सगळ्यात आधी. ज्या बायांची ती झाडं होती त्या तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. विहिरीवर तू आलीस की बादल्या उचलून निघायच्या. बाबा फक्त जाऊ दे, जाऊ दे म्हणायचा. मी तेवढंही म्हणालो नाही.

कारण माझा हिशेब तेव्हाच झाला होता. सगळे म्हणत होते चुकून लागली. मला ते एक दिवसही पटलं नाही. जिच्या हातून कधी रिंगणाबाहेर आग गेली नाही, तिच्या हातून नेमकी त्याच दिवशी जाते? आणि त्या सकाळी वारा कुठं होता? मी मैदानावर उघड्यावर होतो, माझ्या कपाळावरचा घाम वाळत नव्हता. तेव्हा चुकून नाही. चुकून नाही, तर मुद्दाम. आणि मुद्दाम, तर कशासाठी? झाडासाठी. दोन वर्षं तारेपायी जागा साफ झाली नव्हती, आणखी खाडा पडला तर तू झाड सोडलं असंच सगळ्यांनी धरलं असतं. किंवा माझ्यासाठी, मी काठी घेऊन गावोगाव फिरू नये म्हणून. या दोन कारणांतलं खरं कोणतं, यावर मी अर्धं आयुष्य घालवलं. कधी वाटे झाड, तेव्हा कमी राग यायचा. कधी वाटे मी, तेव्हा जास्त. महिन्याभरात मी नागपूरला निघून गेलो. सणाला यायचो, तर पाहुण्यासारखा. तू वाढायचीस, मी जेवायचो, आणि मनात म्हणायचो, सांग ना एकदा, कशासाठी केलंस.

आता हे पान लिहायचं म्हणून मी मावशीकडे गेलो. ती गोंडपिपरीकडे मुलीजवळ असते. खूप म्हातारी झाली, पण कान शाबूत आहेत. जाताना क्लबवरून गेलो. अर्धा कोर्स खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेलाय. उरलेल्या भागावर पाणी मारून मारून हिरवळ केलीय, आणि शेवटचा होल कुठं होता ते मला ओळखता आलं नाही. मावशीनं चहा टाकायला सांगितला, माझ्या नातवंडांची चौकशी केली. मी स्मरणिकेचं सांगितलं. मग म्हणालो, मावशी, आता कोणी उरलं नाही. मायनं ती आग झाडासाठी लावली की माझ्यासाठी, तेवढं मला सांग.

मावशी म्हणाली, "तिनं कुठी लावली? ती तं माह्यासंग होती."

मी कप खाली ठेवला. मावशी सांगत गेली, आणि मी मधे मधे इतक्या शंका काढल्या की ती वैतागली. तुम्ही दोघी पहाटे गावातून बरोबरच निघाला होतात. नाल्याच्या पुलावर आलात तेव्हा क्लबकडे धूर दिसला. तू थांबलीस. मावशीला म्हणालीस, तू जाय पुढं, सैपाकाकडं. आणि तू आडवाटेनं धुराकडे पळालीस. वाटेतल्या पळसाची फांदी मोडताना मावशीनं तुला पाहिलं. मग ऐकलं ते एकदम, की तू कबूल केलंस. रात्री तिनं तुला विचारलं, बाई, काऊन असं खोटं बोलली? तर तू तिला माझी शपथ घातलीस की हे तोंडातून काढायचं नाही.

मी विचारलं, पण का? मावशीला माझ्या अकलेची कीव आली असावी. म्हणाली, "तिले वाटलं, तूच लावली. राती तूच म्हनला ना, मंडपाले आग लावतो? पहाटे उठून पायते तं तुही वाकळ रिकामी. कुठी गेला, कोनाले पत्ता नाई. मंग काय करन ती?"

मी नुसता मावशीच्या अंगणातल्या कोंबड्या बघत होतो. मग विचारलं, मग लावली कोणी? मावशीनं हात उडवले. बिडी पिणारे माळी होते, शेगडीवाले आचारी होते, मंडपवाल्याच्या तारा उघड्या लोंबत होत्या, कोण सांगणार. आणि मग, माय, ती जराशी पुढं वाकली, आवाज उतरवला आणि मायेनं म्हणाली, "तूच लावली असन तं सांगून दे बाबू. आता कोन इचारते?" मी म्हणालो, नाही मावशी, मी नाही लावली. मी मैदानावर होतो. ती म्हणाली, बरं. ते बरं कसं होतं ते मला माहीत आहे, मी स्वतः शिकवणीच्या पोरांना रोज तसंच बरं म्हणतो.

परतीच्या बसमध्ये मला आधी दुःख नाही झालं, राग आला. आधी तुझाच आला. तुला मी तसा वाटलो? जेवणाच्या पंगतीवरून मंडप पेटवून देणारा? एकदा विचारायचं तर होतं. मग वरोऱ्यापर्यंत येता येता तो राग पातळ होत गेला आणि एक एक गोष्ट वर यायला लागली. तू मला नंतर कधी चुलीपाशी बसू दिलं नाहीस. दिवाळीत माझ्या पोरांचे फटाके तू स्वतः उभं राहून उडवायचीस आणि मला म्हणायचीस, तू जाय आत. मला वाटायचं, या बाईला माझं तोंड बघवत नाही. आणि ते शेवटचे दिवस. चंद्रपूरच्या दवाखान्यात तुझ्या खाटेशी मी बसलो होतो. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "मले काई सांगाचं हाय का तुले?" मी म्हणालो, "मला काय सांगायचंय? तुला सांगायचं असेल तर सांग." तू म्हणालीस, "माह्याजवळ काय हाय सांगाले." आणि हात सोडलास. मी बाहेर येऊन बायकोला म्हणालो, बघ, मरायला टेकली तरी कबूल करत नाही. हे असंच म्हणालो. माय, मी तुझ्या कबुलीची वाट बघत होतो आणि तू माझ्या. दोघंही तसेच बसून राहिलो.

आणि तू काय काय दिलंस ते आता मला दिसतंय, ते मोजायला बसलो तर मी उठणार नाही. नोकरी गेली, ते एक. पण झाड? सासूनं तुझ्या ओटीत घातलेलं झाड तू सेक्रेटरीसमोर एका वाक्यात सोडून दिलंस. त्या वाक्यापायी दुसऱ्या बायांचीही झाडं गेली आणि त्यांनी तुला आयुष्यभर वाळीत टाकल्यासारखं वागवलं, तेही तू गिळलंस. तेही अशा पोरासाठी जो तुझ्या घरी पाहुणा म्हणून यायचा आणि तुझ्यावरच डोळा ठेवून जेवायचा. मला रडू आलं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस विचारायला लागला, काय झालं भाऊ, कोणी गेलं का. मला वाटलं हा खिसा बघतोय की काय. तरी मी त्याला सांगितलं, माय गेली. तो म्हणाला, कधी?

काल रात्रीच्या जेवणाआधी बसून मी क्लबचं पान लिहून काढलं. प्रो, ब्राऊन, अस्वल, टोपलीतला चेंडू, सगळं घातलं. बंद का पडली त्या दोन ओळींपाशी मात्र अडलो. आग लागली एवढंच लिहिलं तर जुने लोक मनात तुझंच नाव घेणार. तुझं नाव पुसावं, तर ती खोटं का बोलली हे विचारणार, आणि त्याला एकच उत्तर आहे, ते त्यांना माझ्याकडे बोट दाखवूनच मिळेल. बायको म्हणाली, नका लिहू, स्पॉन्सर मिळाला नाही असं टाका. ती माझी काळजी करते हे मला कळतं. तरीही मी असं लिहिलं: तिसऱ्या वर्षी शेवटच्या दिवशी पहाटे शेवटच्या होलपाशी आग लागली आणि स्पर्धा पुन्हा भरली नाही. आग दिसली तेव्हा माझी आई तिच्या बहिणीबरोबर नाल्याच्या पुलावर होती. सकाळी पाकीट टपालात टाकलं आणि पानाचा फोटो काढून फोनवरही पाठवला. दुपारी सेक्रेटरीचा फोन आला. आवाजातला गोडवा कमी झालेला. म्हणाला, हे छापलं तर लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील याचा विचार केलाय का? मी म्हणालो, छापा.

हे पत्र मात्र त्या पाकिटात घातलं नाही. तुझ्याकडे जाईल असा पत्ता मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कोणी वाचावं असं यात काही नाही. पण एवढं लिहिल्यावर जे लिहायचं होतं ते लिहून टाकतो. माय, मी लावली नव्हती. खरंच नव्हती. मी मैदानावर होतो आणि तिथं मला कोणी पाहिलं नाही, याला माझा इलाज नाही. आता इतक्या वर्षांनी मला आणखी एक कळतंय. तू तेव्हा मला विचारलं असतंस ना, की पोरा, तू लावली का, तर मी ताट भिरकावून उठून गेलो असतो. आणि तेवढ्यावरून तुझी खात्रीच झाली असती.